लाकडी नाणं आणि विकाऊ पूल

जुन्या वळणाच्या अमेरिकन माणसांची पाहुण्याला निरोप देण्याची एक तऱ्हा होती. गाडीपर्यंत पोचवायला यायचं, खिडकीवर हात ठेवून रस्ता, पाऊस, पेट्रोल यांविषयी दोन-चार वाक्यं बोलायची आणि गाडी हलली की मागून आवाज द्यायचा, ‘‘आणि लाकडी निकेल घेऊ नकोस हं कुणाकडून!’’ निकेल म्हणजे पाच सेंटचं नाणं. हा सल्ला मिळणारा कधी कॉलेजला निघालेला नातू असे, तर कधी उभा जन्म बँकेत नोटा मोजून निवृत्त झालेला धाकटा भाऊ. लाकडाचं नाणं देऊन कुणी त्याला फसवल्याचं ऐकिवात नसे. सांगणाऱ्यालाही कुणी कधी फसवलेलं नसे. तरी सांगायचं. न सांगता गाडी जाऊ दिली तर काहीतरी द्यायचं राहून गेलं, अशी चुटपुट लागत असणार.

ही म्हण पहिल्या महायुद्धाच्या आसपास छापील मजकुरात दिसू लागते आणि पुढची पन्नासएक वर्षं अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत सुखानं नांदते. मला तिचं फार कौतुक आहे आणि थोडी तक्रारही. लोकांना सावध करायचंच, तर निदान बऱ्यापैकी लबाडी तरी निवडावी! लाकडाच्या नाण्यानं कोण फसणार? खोटा रुपया ओळखायची आपल्याकडची जुनी पद्धत म्हणजे तो फरशीवर आपटायचा आणि कान द्यायचा. खणखणीत वाजला तर खरा. लाकडाचं नाणं आपटलं तर वाजणार ‘टक्’. दाताखाली धरून पाहावं तर फार तर दात कोरायची सोय. शिवाय धंद्याच्या दृष्टीनं बघा. लाकूड आणायचं, गोल कापायचं, घासायचं, त्यावर रंग चढवायचा, आणि एवढं करून पदरात काय, तर पाच सेंट. इतका खटाटोप करणाऱ्याला लबाडीची गरजच काय? सुतार म्हणून तो कुठंही पोटाला मिळवील.

आता खुद्द निकेलची चालही फार सरळ आहे असं नाही. नाव निकेल, पण आत तीन चतुर्थांश तांबं आणि निकेल जेमतेम पंचवीस टक्के. त्यातून १८८३ साली अमेरिकेच्या टाकसाळीनं या नाण्याचा नवा छाप काढला, तेव्हा तर कमालच झाली. एका बाजूला स्वातंत्र्यदेवीचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला पाचाचा रोमन आकडा. पाच काय, हे लिहायचं राहिलं. आकारानं हे नाणं पाच डॉलरच्या सोन्याच्या नाण्याच्या जवळपास जाणारं. मग काय, त्यावर सोन्याचा मुलामा चढवून लोक दुकानात शिरू लागले. पाच सेंटची एखादी वस्तू घ्यायची, नाणं फळीवर ठेवायचं आणि गप्प उभं राहायचं. दुकानदारानं पाच डॉलर समजून चार डॉलर पंचाण्णव सेंटचे सुट्टे परत दिले तर ते मुकाट्यानं खिशात घालायचे. गिऱ्हाइकानं तोंडातून चकार शब्द काढलेला नसायचा, त्यामुळे खोटं बोलला म्हणावं तरी पंचाईत! सरकारला त्याच वर्षी घाईघाईनं छाप बदलून खाली ‘सेंट्स’ घालावं लागलं. तेव्हा निरोप देणाऱ्या आजीनं खरं तर नातवाला सांगायला हवं होतं, सोन्याचं निकेल घेऊ नकोस. पण ते कानाला गोड लागलं नसतं.

आणि लाकडाचं म्हणाल, तर एक गाव असं आहे की ज्यानं लाकडी पैसा घेतला आणि ते शहाणं ठरलं. वॉशिंग्टन राज्यातलं टेनायनो. १९३१च्या डिसेंबरात, मंदीच्या ऐन भरात, गावातली बँक बुडाली. लोकांचे पैसे आत अडकले, बाजारात चलन नाही, दुकानदार हातावर हात ठेवून बसलेले. तेव्हा गावच्या व्यापारी मंडळानं तोड काढली. ठेवीदारांनी आपल्या ठेवीचा चौथा हिस्सा मंडळाच्या नावे करून द्यायचा आणि बदल्यात मंडळानं छापलेले पैसे घ्यायचे. हे पैसे काही दिवसांतच कागदाऐवजी लाकडाच्या पातळ पापुद्र्यांवर छापले जाऊ लागले. पंचवीस सेंट, पन्नास सेंट, एक डॉलर. गावाचा गाडा पुन्हा सुरू झाला. शिवाय लाकडी पैशाची बातमी देशभर पसरली आणि संग्राहकांच्या त्यावर उड्या पडल्या. त्यांनी नेलेले पैसे मोडायला म्हणून परत आलेच नाहीत. म्हणजे बुडाला तो बँकेतला पैसा आणि तरला तो लाकडाचा. तोही पाण्यावर तरावा तसा! पुढे २०२०मध्ये करोनाच्या साथीत या गावानं संग्रहालयातलं जुनं छपाईयंत्र पुसून-तेलपाणी करून पुन्हा पंचवीस-पंचवीस डॉलरचे लाकडी तुकडे छापले आणि ज्यांचं उत्पन्न बुडालं होतं त्यांना महिन्याला तीनशे डॉलरपर्यंत वाटले. किराणा, औषधं, रोजच्या गरजा, सगळं त्यावर मिळे. गावकऱ्यांच्या आज्यांनी काय म्हटलं असेल कोण जाणे.

माझ्याकडे एक लाकडी निकेल आहे. भाचीनं आणून दिलेलं. अमेरिकेत अजूनही जत्रांमधून आणि दुकानांतून अशी नाणी गंमत म्हणून वाटतात. कॅरमच्या स्ट्रायकरपेक्षा थोडं लहान, वजनाला काहीच नाही. एका बाजूला लाल शाईतला गवा. शाई लाकडाच्या रेषांतून पाझरल्यामुळे त्याला पाच पाय आहेत असं वाटतं. दुसऱ्या बाजूला, हे दाखवल्यास एक कप कॉफी मोफत मिळेल, अशा अर्थाचा मजकूर. मुदत लिहिलेली नाही. दुकान ओहायोत कुठंसं आहे. म्हणजे माझी एक कॉफी त्या देशाकडे अजून येणं आहे.

फुकटच्या खाण्यापिण्याविषयीही त्यांच्याकडे एक म्हण आहेच, की फुकटचं जेवण अशी चीज जगात नसते. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी ती उचलली आणि तिच्यावर गंधाचा टिळा लावला; मिल्टन फ्रीडमन यांच्या १९७५च्या एका पुस्तकाचं तेच नाव आहे. पण तिचा जन्म दारूच्या गुत्त्यातला. एक पेला विकत घ्यायचा आणि मांडलेलं अन्न हवं तितकं खायचं, अशी एकोणिसाव्या शतकातल्या गुत्त्यांची रीत होती. १८८९ साली सॅन फ्रान्सिस्कोला उतरलेले किपलिंग, आपल्या मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेले, यांनी या व्यवस्थेची कौतुकानं नोंद करून ठेवली आहे. त्या अन्नात मीठ सढळ हातानं का घातलेलं असे, हे मात्र दुसऱ्या पेल्याला लक्षात येई.

मला स्वतःला या साऱ्या गोतावळ्यात जायफळाची गोष्ट सर्वांत आवडते. कनेटिकट राज्यातले फेरीवाले घोडागाडीत पत्र्याची भांडी, घड्याळं, सुया आणि मसाले भरून पार दक्षिणेपर्यंत हिंडत. त्यांच्यावर आळ असा, की ते लाकडाची जायफळं कोरतात आणि खऱ्यांत मिसळून विकतात. आळ इतका पक्का बसला की एकही जायफळ न पिकणाऱ्या त्या राज्याचं टोपणनावच ‘जायफळांचं राज्य’ पडलं. राज्यातली माणसं आता ते अभिमानानं मिरवतात. (बदनामी दीडशे वर्षं टिकली की तिची परंपरा होते.) पण या प्रकरणाचा एक उलगडा असा सांगतात, की फेरीवाले बिचारे खरंच जायफळ विकत होते. घेणाऱ्या बायाबापड्यांनी जायफळ आधी कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांना वाटलं, अक्रोडाचा भाऊबंद असेल. त्यांनी ते चिमट्यात धरून फोडायला घेतलं, ते फुटेना, तेव्हा त्यांनी निकाल दिला, लाकूड आहे मेलं!

कोकणातल्या कुठल्याही आजीला विचारलं असतं तर तिनं सहाण पुढं केली असती. जायफळ उगाळायचं असतं, दुधात. चिमूटभर श्रीखंडाला, चिमूटभर पुरणाला आणि रडणाऱ्या बाळाला बोटाच्या टोकाएवढं. ते किसायचं किंवा उगाळायचं एवढं एकच वाक्य विकताना सांगितलं असतं तर एक अख्खं राज्य बदनामीतून वाचलं असतं. तेव्हा फसवणुकीच्या म्हणी ऐकताना मी हल्ली एक प्रश्न मनात ठेवतो. इथं नक्की कोण कुणाला फसवतंय? कारण या म्हणी नेहमी हसणाऱ्यांनी रचलेल्या असतात. फसणाऱ्याची बाजू मांडायला कुणी वकील दिलेला नसतो.

ती मांडायची झाली तर ब्रुकलिनच्या पुलावर उभं राहूनच मांडावी. एखाद्यानं भाबडेपणानं काही खरं मानलं, तर अमेरिकन माणूस डोळा मिचकावून म्हणतो, ‘‘एवढा विश्वास बसत असेल तर ब्रुकलिनमध्ये माझा एक पूल विकायचाय, घेतोस?’’ या वाक्यामागं जॉर्ज सी. पार्कर नावाचा गृहस्थ आहे. न्यूयॉर्क शहरात नव्यानं आलेल्या लोकांना गाठायचं, खोटे कागद दाखवायचे आणि ज्या वस्तूंशी आपला काडीचा संबंध नाही त्या विकायच्या, हा त्याचा उद्योग. पूल त्यानं अनेकदा विकला म्हणतात. घेणारे हौसेनं टोलची चौकी उभारायला पुलावर जात आणि पोलिस त्यांना हुसकावून लावत, असंही सांगतात. पुढे जनरल ग्रँट यांची समाधी, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा असा त्याच्या मालाचा पसारा वाढत गेल्याच्या कथा आहेत. आपल्याकडे ताजमहाल विकणाऱ्या नटवरलालच्या कथा सांगतात, त्या याच वंशावळीतल्या. १९२८ साली पार्करला जन्मठेप झाली आणि सिंग सिंगच्या तुरुंगात तो मेला.

पूल विकत घेतला म्हटल्यावर आपण फिदीफिदी हसतो. पण घटकाभर त्या गिऱ्हाइकाच्या चपला घालून बघा. १८८३च्या मे महिन्यात पूल खुला झाला तेव्हा त्यावरून चालत जायला एक सेंट पडे आणि घोडागाडीला दहा. पादचाऱ्यांचा टोल १८९१मध्ये बंद झाला, गाड्यांचा तर १९११पर्यंत चालू होता. म्हणजे दोन्ही टोकांना गल्ले मांडलेले, लोकांची रीघ लागलेली आणि नाण्यांचा खळखळाट. त्या काळात अमेरिकेतले कितीतरी रस्ते आणि पूल खासगी कंपन्यांचेच असत. एवढंच काय, हा पूलसुद्धा १८६७ साली स्थापन झालेल्या एका कंपनीनं बांधायला घेतला होता आणि तिचे काही शेअर खासगी लोकांनी घेतले होते. नंतर न्यूयॉर्क आणि ब्रुकलिन या दोन्ही शहरांनी तो आपल्याकडे घेतला. मग बोटीतून नुकत्याच उतरलेल्या माणसाला एखाद्या पोशाखी गृहस्थानं, वयामुळे आता टोलची दगदग झेपत नाही हो, असं सांगितलं, तर त्यात अशक्य काय होतं? उलट मला तो माणूस चांगला व्यवहारी वाटतो. त्यानं उत्पन्न बघितलं, रहदारी बघितली, कागद मागितले. आपल्यातले किती जण फ्लॅट घेताना एवढं करतात?

या पुलाला विश्वासाचा एक वेगळाच इतिहास आहे. खुला होऊन आठवडा होतो न होतो तोच पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि १२ माणसं गेली. पूल कोसळतोय अशी आवई त्या गर्दीत उठली होती. पुढच्या वर्षी १७ मे १८८४ रोजी सर्कसवाले पी. टी. बार्नम यांनी आपले २१ हत्ती, त्यात सुप्रसिद्ध जंबोही, पुलावरून चालवत नेले. जाहिरात तर झालीच, पण पूल पक्का आहे हेही सगळ्यांना दिसलं. गंमत पाहा, ‘दर मिनिटाला एक गिऱ्हाईक जन्माला येतं’ ही फसणाऱ्यांच्या नावानं बोटं मोडणारी अमेरिकेतली सर्वांत गाजलेली म्हण बार्नम यांच्याच नावावर आहे, आणि ते असं कधी म्हणाल्याचा पुरावा नाही. ज्याच्या नावावर ही म्हण चिकटली त्यानंच अख्ख्या शहराला पुलावर भरवसा ठेवायला शिकवलं. म्हणींच्या दुनियेतही माणसाला बिनगुन्ह्याची शिक्षा होते ती अशी.

म्हण बहुधा दुसऱ्याच एकाची असावी, आणि ती कथा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जॉर्ज हल नावाच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याचा आयोवात एका धर्मोपदेशकाशी वाद झाला. बायबलात म्हटल्याप्रमाणे पृथ्वीवर पूर्वी खरोखरच राक्षसी आकाराची माणसं होती का, यावर. वाद हरल्यासारखं वाटलं की आपण घरी येऊन चडफडतो. हलनं तसं केलं नाही. त्यानं आयोवातून जिप्समचा एक प्रचंड तुकडा काढून शिकागोला नेला, त्यातून दहा फुटांहून उंच माणूस कोरून घेतला, त्याला झिजवला, डागवला आणि न्यूयॉर्क राज्यात कार्डिफ इथे एका नातेवाइकाच्या शेतात पुरून ठेवला. वर्षभर गप्प बसला. गप्प बसण्याची ही ताकद लबाडीपेक्षा दुर्मिळ! १६ ऑक्टोबर १८६९ रोजी विहीर खणायच्या निमित्तानं माणसं लावली आणि कुदळीला दगडी पाय लागला. लगेच तंबू ठोकला गेला आणि तिकीट लागलं. पंचवीस सेंटचं तिकीट बघता बघता पन्नासवर गेलं आणि तरी रांग हटेना.

डेव्हिड हॅनम हा त्या भागातला घोड्यांचा नामांकित व्यापारी. घोड्याचे दात बघून वय सांगणारा, समोरच्याच्या डोळ्यांत बघून किंमत सांगणारा. त्यानं आणि त्याच्या भागीदारांनी या दगडी माणसातला मोठा हिस्सा हजारो डॉलर मोजून विकत घेतला. घोड्यात जो फसला नाही तो दगडात फसला, कारण दगडाला दात नव्हते. बार्नम यांनीही तो मागितला. नकार मिळताच त्यांनी प्लास्टरची हुबेहूब प्रत करून घेतली, न्यूयॉर्कमध्ये मांडली आणि जाहीर केलं की आपलाच अस्सल, त्यांचा नकली. लोक ती प्रत बघायलाही लोटले. तेव्हा वैतागून हॅनम म्हणाला की असली गिऱ्हाइकं दर मिनिटाला जन्माला येतात, असं सांगतात. म्हणजे स्वतः लुबाडला गेलेला माणूस, खोट्याच्या नकलेला फसणाऱ्या लोकांना हसत होता! प्रकरण कोर्टात गेलं. खोट्याला खोटं म्हटलं म्हणून बदनामी कशी होते, हा न्यायाधीशांपुढचा पेच. त्यातच डिसेंबरात हलनं आपली करामत स्वतःहून कबूल केली. मूळ पुतळा आज न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनच्या शेतकी संग्रहालयात आहे आणि लोक अजून तिकीट काढून तो बघायला जातात. आता सगळ्यांना खरं काय ते ठाऊक आहे, तरी तिकीट आहेच. हॅनमचंही नुकसान झालं नाही. १८९८च्या ‘डेव्हिड हॅरम’ या अतोनात खपलेल्या कादंबरीचा नायक त्याच्यावरून बेतलेला.

फसवणाऱ्यांची नावं अशी टिकतात. १८४९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्पसन नावाचा एक टापटीप कपड्यातला इसम रस्त्यात अनोळखी माणसाशी जुनी ओळख असल्यासारखा बोलू लागे आणि शेवटी विचारी, माझ्यावर एवढा भरवसा आहे का, की तुमचं घड्याळ उद्यापर्यंत माझ्याकडे ठेवाल? लोक घड्याळ काढून देत! वर्तमानपत्रांनी त्याला ‘भरवशाचा माणूस’ म्हटलं आणि तेव्हापासून ठकसेनांना इंग्रजीत तेच नाव पडलं. हर्मन मेलव्हिल यांनी १८५७मध्ये त्या नावाची कादंबरीही लिहिली. आमच्याकडे असा प्रश्न कुणी विचारला असता तर विश्वास पानिपतात गेला, असं उत्तर मिळून घड्याळ मनगटावरच राहिलं असतं. सापाचं तेल म्हणून बाटल्या खपवणाऱ्या क्लार्क स्टॅन्लीचंही नाव राहिलं. १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तो लोकांसमोर जिवंत घुंगरू-साप चिरून दाखवत असे, असं सांगतात. पुढे सरकारनं त्याचं औषध तपासलं तर आत खनिज तेल, थोडी जनावराची चरबी, मिरचीचा अर्क. सापाचा पत्ता नाही. दंड झाला वीस डॉलर. थॉम्पसनला घड्याळ देणारे, स्टॅन्लीच्या बाटल्या गुडघ्याला चोळणारे, पुलाचे खरेदीदार, यांची नावं मात्र कुठल्याही म्हणीत नाहीत. एका अर्थानं बरंच आहे म्हणा. नातवंडांना शाळेत चिडवलं असतं.

म्हणून मला लाकडी निकेलचं वाक्य या सगळ्यांत वेगळं वाटतं. पुलाची म्हण तुम्हाला खुळा ठरवते, मिनिटामिनिटाला जन्मणारी म्हण तर थेट घराणंच काढते. हे वाक्य तुम्हाला काहीच म्हणत नाही. ते फक्त तुमच्या पाठीमागून येतं आणि म्हणणाऱ्याला ठाऊक असतं की तुम्ही मागं वळून बघणार नाही.

आता थोडं आपल्या अंगणात. २०१६च्या ऑक्टोबरात ठाणे पोलिसांनी मीरा रोडला काही कॉल सेंटरांवर धाडी घातल्या. रात्रभर तिथं तरुण मुलंमुली फोन फिरवत होती, कारण इथली रात्र म्हणजे तिकडचा दिवस. अमेरिकन नावं धारण करायची, अमेरिकन उच्चार गिरवायचे आणि पलीकडच्या माणसाला सांगायचं की आम्ही कर खात्यातून बोलतोय, तुमची थकबाकी आहे, आत्ता भरली नाही तर पोलिस दारात येतील. पैसे कसे भरायचे? दुकानातून गिफ्ट कार्ड घ्यायचं आणि त्याचा नंबर फोनवर वाचून दाखवायचा. त्याच महिन्यात अहमदाबादच्या अशाच कॉल सेंटरांच्या प्रकरणात अमेरिकेच्या न्याय खात्यानं तिथल्या आणि इथल्या मिळून ६१ जणांवर आरोप ठेवले. यात काही कंपन्याही होत्या. पलीकडे फोन धरून बसलेल्यांत म्हातारी माणसं आणि नव्यानं अमेरिकेत आलेली मंडळी पुष्कळ होती. आयुष्यभर इतरांना सावध करत आलेल्या पिढीच्या हातावर अखेर नाणं ठेवलं गेलं, आणि ते मीरा रोडला पाडलेलं होतं. इथं मला विनोद सुचत नाही. तिथं नोकरीला लागलेल्या मुलांच्या आयांनी, रात्रपाळीला जाताना डबा हातात देऊन, अमेरिकन कंपनीत आहे हो आमचा, असं शेजारी सांगितलं असेल, एवढं मात्र डोक्यातून जात नाही.

अमेरिकेत आता दुकानांतून गिफ्ट कार्डांच्या मांडणीशेजारी पाट्या असतात. गिफ्ट कार्डनं पैसे मागणारा माणूस सरकारी नसतो, तो लुच्चा असतो, असं त्यांच्या ग्राहक संरक्षणवाल्यांचं स्पष्ट सांगणं आहे. अगदी खरं आहे आणि उपयोगीही आहे. पण गाडीच्या खिडकीवर हात ठेवून हे कोण कसं म्हणणार? आपल्याकडे ते काम काही काळ फोनच्या आधी वाजणाऱ्या अमिताभ बच्चन यांच्या आवाजावर सोपवलं होतं. एवढा भारदस्त आवाज, तरी लोक वैतागले. अँब्युलन्सला फोन लावावा आणि आधी सावधगिरीचं व्याख्यान ऐकावं, तर कुणाचाही तोल जाईल. म्हणी कधी अशा कुणाला आडव्या आल्या नाहीत. त्या निघताना यायच्या, निघायच्या आधी नाही.

तरी नव्या म्हणी घडताहेत, कान दिला तर ऐकू येतात. माझी आत्या साताऱ्याला असते. तिचा फोन संपायचा तो पूर्वी ‘जेवणखाण वेळेवर कर’नं. हल्ली ती म्हणते, ‘‘बरं, ठेवते. ओटीपी कुणाला सांगू नकोस.’’ परवा मी तिला म्हटलं, ‘‘आत्या, मला कोण कशाला विचारेल?’’

‘‘विचारणारा सांगून विचारतो होय रे?’’ आत्या म्हणाली. ‘‘आणि दिवाळीला चकल्या दिल्या होत्या तो स्टीलचा डबा तुझ्याकडंच आहे. देतो देतो म्हणून तीनदा फसवलंयस.’’